भिकोबाचा पिसारा

भिकोबा शेलार माणसाच्या तोंडाकडे बघायचा नाही. आधी डोकं बघायचा. तुम्ही समोर उभे राहून राम राम घाला, पोराच्या नोकरीचं सांगा, नाहीतर घरात मयत झाली म्हणून रडा, त्याची नजर आपली तुमच्या कपाळाच्या वर. कानामागून एक फेरी मारायची, टाळूवर जरा थांबायची, आणि मग तो म्हणायचा, "मागनं चपटं हाय. पण भागवू." ओळख करून घ्यायची त्याची ही रीत. मला पहिल्यांदा भेटला तेव्हा माझ्या टोपीकडे बघून म्हणाला, "तात्या, डोकं झ्याक हाय तुमचं. वाया घालवलंत."

मी तिथंच सुनावलं, "माझ्या डोक्याचं माझं मी बघतो. खोली पायजे का न्हाई ते बोल."

खोलीच पाहिजे होती. चाकणजवळच्या आमच्या शेतात आता ज्वारी येत नाही, खोल्या येतात. पोरानं बांधल्या. एकेका खोलीत कंपनीचे चार-चार जण, आणि गॅलरीत दोरीवर राखाडी शर्टांची रांग. त्यातली जिन्याखालची खोली भिकोबानं घेतली. धंदा फेटे बांधायचा. तरुणपणी भोसरीच्या एका वर्कशॉपात प्रेसवर होता. जोडीदाराच्या लग्नात फेटेवाला आला नाही म्हणून यानं बांधला आणि सोमवारी कामावर गेलाच नाही. मी विचारलं, का रे बाबा? तर म्हणे, "एकदा माणसाची मान वर झालेली बघितली. मग पत्रं कशाला दाबत बसू?"

त्याचं म्हणणं असं, की फेटा डोक्याला नसतो, मानेला असतो. डोकं निमित्त. हे वाक्य त्यानं मला इतक्या वेळा ऐकवलं की शेवटी मी म्हणालो, "मग मानेलाच गुंडाळ की." त्यावर तो दोन दिवस माझ्याशी बोलला नाही.

मी स्वतः फेटा बांधत नाही. का, ते सांगून टाकतो, म्हणजे मागाहून कुणी विचारायला नको. साडूच्या पोराच्या लग्नात माइकवर सत्काराला सगळ्यांची नावं पुकारली. कोतवालाचं पुकारलं, मांडववाल्याचं पुकारलं. माझं राहिलं. त्या दिवसापासून कुणाचा फेटा डोक्यावर घेतला नाही आणि घेणार नाही. लोक म्हणतात, तात्या, एवढ्याशा गोष्टीवरून? एवढीशी असेल त्यांची.

भिकोबाचा मात्र हंगामात पाय जमिनीला लागत नसे. आमच्याकडे लग्नात फेट्याशिवाय पान हलत नाही, आणि आता तर कंपन्याही फेटे बांधायला लागल्यात. एकदा एका कंपनीत परदेशचा मोठा साहेब यायचा होता. भिकोबाला बोलावलं. साहेब गोरा, उंच, मान वाकवून उभा. भिकोबानं डोक्याभोवती फेरी मारली आणि कापड काढलं, तोच सेफ्टीवाला धावत आला. आत जायचं तर हेल्मेट लागतं, फेटा चालणार नाही. सगळे एकमेकांची तोंडं बघायला लागले. भिकोबा म्हणाला, "त्यात काय? हेल्मेटावर बांधतो." आणि बांधला! पिवळ्या हेल्मेटावर भगवा फेटा, वर वीतभर तुरा. साहेब इतका खूश झाला की जाताना विमानतळापर्यंत तो काढेना म्हणे. भिकोबाला विचारलं तर म्हणाला, "हेल्मेट म्हंजे डोक्याचा डबा. मी नुसतं डब्याला झाकण घातलं."

पण थट्टा-मस्करी चालायची ती इथपर्यंत. नवरदेवाचा फेटा आला की भिकोबा मामलेदार व्हायचा. त्याचे दोन कायदे. पहिला, मांडवात नवरदेवापेक्षा उंच तुरा कुणाचा असायचा नाही, मग तो कुणीही असो. दुसरा, नवरदेवाचा तुरा एकदा बसला की त्याला कुणी हात लावायचा नाही. आईनं नाही, मामानं नाही, फोटोवाल्यानं तर नाहीच.

आमच्या भागात एक पुढारी आहेत. त्यांच्या प्रत्येक फ्लेक्सवर नावाआधी 'भावी आमदार' असतं. फ्लेक्स जुने होऊन फाटले, साहेबांचे केस पांढरे झाले, पण भावी काही सुटलं नाही, म्हणून सगळा तालुका त्यांना भावीच म्हणतो. एका लग्नात या भावींनी भिकोबाला सांगितलं, "माझा जरा उंच काढा." भिकोबानं नवरदेवाचा तुरा बोटांनी मापला आणि भावींचा त्याच्या निम्मा काढला. भावींनी तो तसाच मिरवला. पण पुढं स्टेजवर फोटो काढताना त्यांना वाटलं नवरदेवाचा तुरा कलला आहे. सरळ करायला त्यांनी हात वर नेला. भिकोबा खालून पायऱ्या चढून आला आणि साऱ्या मांडवादेखत त्यांच्या हातावर चापट मारली. "नवरदेवाच्या तुऱ्याला हात लावायचा नसतो, साहेब. आजच्या दिवस त्यो राजा, आनि तुमी पावनं."

कार्यकर्ते धावले. भावींनी हसून त्यांना थांबवलं. पुढाऱ्याचं हसणं कसं असतं ते तुम्हाला सांगायला नको.

इतक्या लोकांना नवरदेव केलं, पण भिकोबा स्वतः बिनलग्नाचा. स्थळं आली होती. मोडली ती फेट्यावरून. त्याचं म्हणणं, नवरदेवानं आपला फेटा आपण बांधायचा नसतो, दुसऱ्यानं बांधायचा. आणि दुसऱ्या कुणाचा बांधलेला फेटा याला पसंत पडायचा नाही. "मग काय करू, तात्या? बिनफेट्याचा उभा राहू बोहल्यावर?" असलं कारण सांगून कुणी जन्मभर सडा राहिलेला मी दुसरा पाहिला नाही. बरं, फेट्याचं कापड लांबलचक. खळ दिली की दोघांनी दोन टोकं धरून ताणायचं, मग घडी घालायची. याला दुसरं माणूस नाही. हा एक टोक खिडकीच्या गजाला बांधायचा आणि दुसरं आपण धरून मागं मागं सरकत माझ्या अंगणात यायचा. येताजाता कुणी त्या कापडाखालून वाकून जायचं. मी वाकायचो नाही. वळसा घालून जायचो.

तर असा हा भिकोबा, सत्तरीला टेकलेला, एका दुपारी माझ्याकडे टीव्ही बघत बसला होता. पोरानं भिंतीएवढा टीव्ही आणला आहे. मी बातम्या बघत नाही, सगळे खोटं बोलतात. जनावरं बघतो. त्या दिवशी कुठल्याशा लांबच्या बेटावरचे पक्षी दाखवत होते. टीव्हीतली बाई त्यांना स्वर्गातले पक्षी म्हणत होती. एकाच्या अंगाला पिवळाजर्द झुपका, कुणी कारंजं सोडावं तसा. एकाला शेपटीच्या जागी दोन लांबच लांब फिती. मग एक काळा आला, कोंबड्यापेक्षा लहान. डोक्यावर बारीक तारा, प्रत्येक तारेच्या टोकाला काळी टिकली. तो आधी काय करतो? रान झाडतो! चोचीनं एक-एक पान उचलून बाजूला टाकतो. काटकी काढतो. जागा लख्ख झाली की अंगाची पिसं फुलवून घागरा करतो आणि मान डोलवत, आडवी पावलं टाकत नाचतो. वरच्या फांदीवर माद्या बसलेल्या. मातकट रंगाच्या, साध्या. त्या फक्त बघतात.

भिकोबाचा चहा हातात निवला. "तात्या," तो म्हणाला, "ह्येला म्हंत्यात तुरा."

तेवढ्यात ती मादी उडून गेली. पसंत पडलं नसावं. मी मोठ्यानं हसलो. पण तो काळा काही रुसला नाही. वरून नवीन पान पडलं होतं, ते उचलायला लागला.

भिकोबा उठून टीव्हीजवळ गेला. "बघा की. पुन्ना झाडायला लागला."

"त्यो कोंबडा हाय, भिकोबा. त्येला दुसरा धंदा काय?"

"मला तरी काय हाय?" तो म्हणाला. आणि निघून गेला.

मला वाटलं, विषय संपला. विषय सुरू झाला होता.

आमच्या रस्त्याच्या वळणावर कौसाबाईंची खानावळ आहे. बाई लातूरकडच्या. नवरा इथं कंपनीत होता, तो आजारात गेला. मुलगी लग्न होऊन सासरी. बाईंनी गावाला परत न जाता दोन चुली मांडल्या आणि शिफ्टच्या पोरांना भाकरी घालायला लागल्या. रंगानं सावळ्या, लुगडं मातकट, आवाज पत्र्यावर खिळा ओढावा तसा. भिकोबा बरेच दिवस तिथं जेवायचा. जेवायचा म्हणजे एका भाकरीला तासभर लावायचा. मला कळत होतं. साऱ्या चौकाला कळत होतं. फक्त बाईंना सांगायची याची छाती नव्हती.

त्या टीव्हीच्या दुसऱ्या दिवशी पहाटे भिकोबा खराटा घेऊन खानावळीपुढचं पटांगण झाडताना दिसला. ते पटांगण म्हणजे काय सांगू? चहाचे कागदी कप, गुटख्याच्या पुड्या, कंटेनरच्या धुरानं काळा पडलेला लिंबाचा पाला. खराट्यानं जे निघेना ते तो वाकून बोटांनी उचलायचा. एक-एक. पहिल्या शिफ्टच्या बसला थांबलेली पोरं ओरडायची, "भिकूअण्णा, ग्रामपंचायतीत लागलाव का?" भिकोबा मान न वळवता सांगायचा, "जागा तयार करतोय. तुमी आपल्या बशीत बसा."

कौसाबाई बाहेर आल्या. कमरेवर हात. "काय करायलाव हे?"

"झाडतोय."

"ते दिसायलंय. कशाला?"

भिकोबा फेट्याला हात लावून उभा राहिला. मी शेजारच्या टपरीवर बसून बघत होतो. म्हटलं आता बोलेल. तर म्हणाला, "पाला लई पडतोय."

बाई आत निघून गेल्या. मी त्याला म्हणालो, "अरे गाढवा, त्या कोंबड्याला बोलता येत न्हवतं म्हणून नाचत व्हता. तुला तोंड हाय."

"तोंडानं बोललं की बाई न्हाई म्हंती," भिकोबा म्हणाला. "बघून न्हाई म्हणायला येळ लागतो."

सगळा हिवाळा तो झाडत राहिला. बाई रोज बघत होत्या आणि रोज काही बोलत नव्हत्या. भिकोबा सुकत चालला. एकदा संध्याकाळी माझ्या ओट्यावर येऊन बसला आणि म्हणाला, "तात्या, आता पिसारा दाखवायची येळ आली. न्हाई म्हणली तर म्हणली. आळंदीला भनीकडं जाऊन ऱ्हाईन. ह्या चौकात पुन्ना भाकरी मागायला जानार न्हाई." तो हे थट्टेनं बोलला नाही. भाडेकरू जाणार म्हणून वाईट वाटलं, एवढंच समजा.

पिसाऱ्याची तयारी माझ्या डोळ्यांदेखत चालली होती. पिवळं रेशमी कापड आणलं, त्याला दोनदा खळ दिली. भोसरीत स्प्रिंगा करणारा जुना जोडीदार होता, त्याच्याकडून केसासारख्या बारीक तारा आणल्या. प्रत्येक तारेच्या टोकाला काळी टिकली चिकटवली. मी म्हणालो, मोराची पिसं देतो, माळ्यावर पडल्यात. तर माझ्यावरच खेकसला. "उसनी पिसं लावून नाचू? पिसारा अंगातनं यावा, न्हाईतर कापडातनं. दुसऱ्याच्या शेपटीतनं न्हाई."

पण हा पिसारा तो कुठं दाखवणार, हे मला सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर मी खोलीला कुलूप घातलं असतं.

माझ्या नातवाचं लग्न होतं. लॉनवर. नातू कंपनीत शिफ्टला, कित्येक वर्षं कौसाबाईंकडे जेवलेला, म्हणून त्यांना मानानं बोलावणं. भावी प्रमुख पाहुणे, पुढच्या सोफ्यावर. भिकोबानं सकाळी नातवाला फेटा बांधला, असा बांधला की माझ्यासारख्या माणसाचंही टोपीवरून मन उडावं. मग पाहुण्यांचे बांधले, सगळे एक बोट कमी. आणि गायब झाला.

अक्षता पडल्या. बँडवाल्यांनी वाजवायला घेतलं. आणि लॉनच्या फाटकातून भिकोबा आत आला.

पांढरं धोतर, पांढरा सदरा, आणि डोक्यावर ते पिवळं कारंजं! तुरा हातभर उंच. त्यातून बाहेर आलेल्या तारा, आणि चालताना त्या टिकल्या अशा थरथरत होत्या की डोळा ठरेना. माझ्या नातवाचा तुरा त्याच्यापुढं कोंबडीच्या पिलाचा दिसायला लागला. मी खुर्चीतून उठलो. ज्यानं जन्मभर पुढाऱ्यांचे तुरे कापले, त्यानं स्वतःचा कायदा मोडला, आणि मोडला तो माझ्याच मांडवात!

"भिकोबा!" मी ओरडलो. त्याला ऐकू गेलं नाही. त्याचं लक्ष बायकांच्या बाजूला, तिसऱ्या रांगेत. तिथं मातकट साडी नेसून कौसाबाई बसल्या होत्या. लॉनच्या मध्यावर येऊन त्यानं आधी वाकून गवतावरचा एक कागदी कप उचलला, दूर टाकला. मग धोतराचा सोगा दोन्ही हातांनी पसरला. आणि मान डोलवत, आडवी पावलं टाकत नाचायला लागला.

बँडवाल्याला वाटलं हा घरचाच कार्यक्रम. त्यानं ठेका धरला. पोरं शिट्ट्या मारायला लागली. आणि ड्रोनवाल्याला वाटलं, असं दृश्य पुन्हा मिळायचं नाही, म्हणून त्यानं ते यंत्र खाली आणलं. अजून खाली. भिकोबाच्या डोक्यावर.

भोसरीची तार. ती सोडते होय? ड्रोनच्या पंख्यानं एक तार ओढली, मग सगळ्या ओढल्या. यंत्र घुंघुं करत तिरकं झालं आणि पुढच्या सोफ्याकडे निघालं, मागून तुरा, तुऱ्यामागून फेटा उलगडत गेला. सगळं लॉनभर पिवळं कापड. शेवटी ते ड्रोन भावींच्या मांडीवर जाऊन पडलं. भावी सोफ्यावर उभे राहिले. कार्यकर्ते त्यांच्यावर पडले. माझ्या घरी इतकं चांगलं लग्न पुन्हा होणार नाही.

पण भिकोबा तिथंच उभा होता. बोडका. त्याचं डोकं त्या दिवसापर्यंत कुणी बघितलं नव्हतं. एकही केस नाही, मागनं चपटं, आणि मधोमध लहानपणीच्या पडण्याचा खड्डा. आख्ख्या तालुक्याची डोकी तपासणारा माणूस दोन्ही हातांनी आपलं डोकं झाकायला बघत होता आणि ते झाकत नव्हतं. पाच-सहाशे माणसं हसत होती. मीही हसत होतो, मग थांबलो.

तिसऱ्या रांगेतून कौसाबाई उठल्या. भिकोबानं बघितलं आणि डोळे मिटले. मला माहीत होतं तो काय बघत होता. फांदी हलली, पाखरू उडालं.

पण बाई फाटकाकडे गेल्या नाहीत. लॉनमध्ये आल्या. खाली वाकून कापड गोळा करायला लागल्या, आणि करता करता त्यांना हसू फुटलं. बाईंना हसता येतं हे आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हतं. पत्र्यावर पावसाची सर यावी तसं हसल्या. मग एक टोक सापडलं, ते भिकोबाच्या हातात दिलं.

"धरा."

भिकोबानं डोक्यावरचे हात काढले आणि टोक धरलं. बाई दुसरं टोक घेऊन मागं मागं सरकत गेल्या. कापड ताणलं. दोघांनी घडी घातली. लग्नाचं जेवण खोळंबलं, भावी खोळंबले, आणि ही दोघं मांडवात घडी घालत होती.

"एवढ्या लांब कापडाला दोन माणसं लागतात," बाई म्हणाल्या. "आजवर काय करत होताव?"

"खिडकीला बांधत व्हतो."

"खिडकी काही बोलती का?"

"न्हाई."

"मग बरं चाललं होतं तुमचं." घडी त्याच्या हातावर ठेवून त्या पुढं म्हणाल्या, "उद्या सकाळी या. झाडताना कोपरे सोडताव तुमी. सगळा हिवाळा बघायले मी."

हा होकार होता हे मला कळलं. भिकोबाला कळायला संध्याकाळ झाली. त्याला वाटलं, कोपऱ्यांवरून बोलणी खाल्ली.

राजगुरुनगरला जाऊन रजिस्टर लग्न केलं. मी साक्षीदार, टोपी घालून. सही करायला मला वेळ लागतो, तो मी घेतला. पण त्याआधी कचेरीच्या व्हरांड्यात पेच आला. नवरदेवाचा फेटा बांधायचा कुणी? जन्मभर ज्याच्यावर लग्न अडलं, तेच.

"आणा इकडं," कौसाबाई म्हणाल्या. "मी बांधते."

बाईंनी जन्मात फेटा बांधला नव्हता. चुंबळ केल्यासारखी सुरुवात केली. मी एक टोक धरलं होतं, धरायला लावलं होतं. झालं ते सांगायलाही लाज वाटते. एक कान आत, एक बाहेर. तुरा डावीकडे असा कललेला, जसा एखादा गडी देशी पिऊन भिंतीला टेकला आहे. मी म्हणालो, "सोड ते भिकोबा, नीट बांधून घे. फोटो निघनार हाय." आणि सरळ करायला हात पुढं केला.

त्यानं माझ्या हातावर चापट मारली. "नवरदेवाच्या तुऱ्याला हात लावायचा नसतो, तात्या."

आणि तसल्या फेट्यानं तो एसटीतून, चौकातून, साऱ्या शिफ्टच्या पोरांसमोरून चालत घरी आला. मान इतकी ताठ, की मला त्याच्याकडे मान वर करून बघावं लागलं. तेही एकदाच.

पुढं बाई शिकल्या. लग्नसराईत दोघं मिळून जायचे. बाई चांगल्या बांधायला लागल्या, इतक्या की भिकोबा लोकांना सांगायचा, "हिला हात हाय. डोकं मात्र माजंच बघून शिकली." बाई म्हणायच्या, "त्या डोक्यात बघण्यासारखं हाय काय?" माझ्या अंगणात कापड ताणलं जायचं बंद झालं. अंगण मोकळं झालं. मला त्याचा उपयोग काही सापडला नाही.

सकाळचं झाडणं त्यानं सोडलं नाही. मी एकदा म्हणालो, "आता कशाला? मादी आली की घरात." भिकोबा म्हणाला, "पाला पडायचा थांबलाय का?" आणि कोपऱ्याकडे गेला.

गेला तोही झाडूनच. मागच्या थंडीत. पटांगण झाडलं, कोपरे काढले, ओट्यावर टेकला, बाईंना म्हणाला चहा टाक. चहा येईपर्यंत थांबला नाही. एका भाकरीला तास लावणारा माणूस, आणि त्या दिवशीच कसली घाई झाली कोण जाणे.

सगळे जमले. खानावळीची पोरं राखाडी शर्टात रांगेनं उभी. कुणीतरी म्हणालं, डोक्याला उपरणं गुंडाळू. कौसाबाई म्हणाल्या, "फेटा." एका म्हाताऱ्यानं सांगितलं, मयताला तुरा काढत नाहीत. बाईंनी त्याच्याकडे बघितलं. तो मागं सरकला.

त्यांनी ते पिवळं कापड काढलं आणि एक टोक माझ्या हातात दिलं. मी धरलं. बाईंनी बांधला तो फेटा तालुक्यात कुणी बांधला नसता. चुणी न् चुणी जागेवर, तुरा सुतात. लोक म्हणाले, व्वा, अण्णांचाच हात.

बाई बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "न्हाई. हा त्यांचा न्हाई." आणि सगळा सोडला. मला पुन्हा टोक धरायला लावलं. या वेळी चुंबळ केल्यासारखा बांधला. एक कान आत, एक बाहेर. तुरा डावीकडे टेकवून दिला. मग पदर तोंडाला लावून खाली बसल्या.

भावीही आले होते, मोठा हार घेऊन. पांढरी टोपी, मागं कार्यकर्ते, फोटोवाला. हार घातला, हात जोडले. फोटोवाल्यानं काही खूण केली. भावींनी तिरडीकडे बघितलं, हळूच म्हणाले, "तुरा जरा वाकडा झालाय," आणि सरळ करायला हात पुढं केला.

मी त्यांच्या हातावर चापट मारली. जोरात लागली असावी, बाईंनी पदरातून वर बघितलं.

"नवरदेवाच्या तुऱ्याला हात लावायचा नसतो, साहेब," मी म्हणालो. "उचला."